सर्वानुमते मंजूर

रावेर-यावल पट्ट्यातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावची पतसंस्था, सूतगिरणी, शिक्षण संस्था. कुठलंही प्रोसिडिंग बुक उघडलं की दिसतं : 'विषय क्र. ४. सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक आणि अनुमोदक. ही दोन नावं बहुतेकदा सभा उठल्यावर सेक्रेटरीनं भरलेली असतात. शंका कोणाला होती, कुठला आकडा कोणी दिला, कशाच्या भरवशावर पुढं जायचं ठरलं, यातलं काहीही त्या पानावर सापडत नाही.

खान्देशातल्या संस्था माणसावर चालतात. त्यात गैर काही नाही. पाच-सात गावांनी ज्याचा शब्द मानला त्या आबांमुळेच तर सभासदांनी भागभांडवल भरलेलं असतं. अडचण सुरू होते ती सभेत कोणी आकड्यावर प्रश्न विचारला की. लगेच उलट प्रश्न येतो, "म्हणजे आबांवर विश्वास नाही का?" मग विचारणारा खाली बसतो, बाकीचे 'बरोबर शे, आबा' म्हणतात आणि चहा येतो.

या उलट प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी आहे. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघांनी १९९५ मध्ये संस्थांमधल्या विश्वासाची जी मांडणी केली, ती आजही या विषयातली सर्वांत कामाची आहे. आपण एखाद्यावर विश्वास टाकतो तेव्हा त्याची क्षमता, त्याला आपल्याबद्दल असलेली आस्था आणि त्याची सचोटी अशा तीन गोष्टी जोखत असतो. त्यातही क्षमता ही त्या-त्या कामापुरतीच असते. आबा सचोटीचे आहेत, सभासदांचं भलं त्यांना मनापासून हवं आहे, केळीच्या बागेतलं त्यांना सगळं कळतं. पण दिल्लीचा व्यापारी पैसे वेळेवर देईल की नाही, हे ओळखण्याची क्षमता यातल्या कशातूनही येत नाही. सभेत मात्र सचोटीचा आणि आस्थेचा भरवसा क्षमतेच्या खात्यावर जमा होतो. याला उतारा कागदाचा आहे. संचालकांची नावं एका बाजूला, कामं दुसऱ्या बाजूला आणि प्रत्येक कामापुढं फक्त एवढंच लिहायचं : याच्या शब्दावर निर्णय घ्यायचा, की याचं मत घेऊन आकडा दुसऱ्याकडून तपासायचा. पहिल्यांदा करताना चेहरे पडतात. पण कोणाचाही रकाना सगळीकडे भरलेला नाही हे दिसलं की वातावरण निवळतं.

मग कोणाच्या अंदाजावर किती विसंबायचं? डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे संशोधक. एक माणसाच्या अंदाजातल्या चुका शोधणारा, दुसरा अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेचं कौतुक करणारा. दोघांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं. कामात नियमितपणा हवा, म्हणजे तशाच खुणांनंतर तसंच घडलं पाहिजे. आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. या दोन्ही अटी जिथं नाहीत तिथं तीस वर्षांचा अनुभव माणसाचा आत्मविश्वास वाढवतो, अचूकता वाढवतोच असं नाही.

जिनिंगवरचा, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यातला, प्रत ठरवणारा ग्रेडर कापूस मुठीत दाबतो, सोडतो आणि सांगतो, 'अकरा टक्के ओल.' शेजारी मीटर असतो, त्यामुळे तो चुकला तर तिथल्या तिथं कळतं. दिवसाकाठी अशा कितीतरी गाड्या त्याच्या हाताखालून जातात. या माणसाचा अंदाज कमावलेला असतो. तरी तो तपासता येतो, आणि तपासावाच, कारण हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर माल नाकारायचा, असा मामला आहे. टक्का-दीड टक्क्याची चूक थेट कोणाच्या तरी खिशातून जाते. पन्नास गाड्या पुरतात. मीटर लावण्याआधी ग्रेडरनं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं लिहायचा, मग मीटर लावायचा. एका टक्क्याच्या आत किती गाड्या आल्या हे मोजायचं, आणि चूक एकाच बाजूला झुकते का तेही पाहायचं. ग्रेडर सतत जास्तच ओल सांगत असेल तर प्रश्न हाताचा नाही, कोणाची तरी मर्जी राखण्याचा असू शकतो. मीटरही आंधळेपणानं घेऊ नये. वरच्या थरात सुई खुपसली तर आकडा कमी येतो, खाली ओलावा दडलेला असतो. ढिगात तीन ठिकाणी, किमान एकदा तळाशी, आणि मग सरासरी.

व्यापाऱ्याची पत ओळखण्यात यातलं काहीच नाही. तो पैसे बुडवतो तेव्हा सहा-आठ महिने उलटलेले असतात, मध्ये भाव बदललेला असतो, 'मार्केट पडलं' हे कारण तयार असतं. आपण माणूस ओळखण्यात चुकलो की खरंच बाजार पडला, हे कधीच नीट कळत नाही. त्यामुळे शिकायलाही मिळत नाही. कर्मचारी निवडणं, नवी बाजारपेठ जोखणं, कर्जदाराची नियत पारखणं ही सगळी कामं या जातीची. 'मी माणूस बघितला की ओळखतो' हे वाक्य नेमकं अशाच कामांत सर्वांत जास्त ऐकू येतं.

आता सभेकडे. इथं जास्त वेळ थांबायला हवं, कारण चांगली माणसं एकत्र बसून वाईट निर्णय घेतात ते इथंच.

सॉलोमन ॲशचे १९५० च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात. रेषांची लांबी ओळखायची. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चूक उत्तर देणारे. डोळ्यांना स्पष्ट दिसत असतानाही सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी बहुमताच्या चुकीमागं गेले. या प्रयोगाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो आणि आपल्या कामाचा तोच आहे : खोलीत एक जरी सोबती खरं उत्तर देणारा निघाला, तर चुकीमागं जाण्याचं प्रमाण चौथाईवर येत होतं. म्हणजे सभेत सगळ्यांना धीट करण्याची गरज नाही. दुसरा आवाज उमटण्याची सोय केली तरी भागतं.

दुसरी गोष्ट पहिल्या आकड्याची. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांसमोर एक चक्र फिरवलं. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, हा प्रश्न. चक्रावर १० आलेल्यांचा मध्यम अंदाज २५, ६५ आलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता, तरी पहिल्या आकड्यानं पुढचे आकडे ओढले. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि तो आकडा डोक्यात रुतून बसला. पुढच्या हंगामात घराघरांत कापूस साठवला गेला, आणि त्या आकड्याची वाट पाहता पाहता हंगाम उतरला. जिनिंगवाल्यांच्या सभाही त्याच आकड्याभोवती फिरत होत्या, त्यामुळे शेतकऱ्यालाच दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवली. गटात प्रत्येकाकडे थोडी सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती आणि थोडी फक्त त्याच्याचकडची माहिती असेल, तर चर्चा सगळ्यांना ठाऊक असलेल्याच माहितीवर होते. ज्या माहितीसाठी दहा जण जमवले, तीच टेबलावर येत नाही.

एक हिशेब करून पाहू. केळीची उत्पादक कंपनी, नऊ संचालक, विषय रायपनिंग चेंबरचा, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्यांचा. प्रकल्प अहवालात १० टनांची तीन चेंबर आहेत. केळी भरणं, इथिलीन देणं, पिकवणं आणि माल काढणं धरून एका फेरीला पाच-सहा दिवस, म्हणजे महिन्याला ढोबळमानानं पाच फेऱ्या. तीन चेंबरचे १५० टन. अहवाल तयार करणाऱ्यानं सभेच्या सुरुवातीलाच '१५० टन' म्हटलं की ते चक्रावरचं ६५ झालं. पुढचे सगळे १२०, १३०, १४० बोलणार.

त्याऐवजी असं करायचं. अहवाल आठ दिवस आधी पाठवायचा, पण सभेत तो वाचायचा नाही. सुरुवातीलाच प्रत्येकाला कोरी चिठ्ठी आणि एकच नेमका प्रश्न : 'पहिल्या वर्षी, सरासरी महिन्याला, आपल्याकडून पिकवलेली किती टन केळी विकली जाईल?' 'चेंबर बांधावं का?' हा प्रश्न चिठ्ठीवर कधीच घालू नये, त्याला हो-नाही उत्तर मिळतं आणि ते आबांच्या चेहऱ्याकडे बघून लिहिलं जातं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ : 'मला माहीत असलेली, पण इतरांना कदाचित ठाऊक नसलेली एक गोष्ट.' चिठ्ठ्या मॅनेजर गोळा करतो, आकडे चढत्या क्रमानं फळ्यावर मांडतो, नावं न घालता. समजा आले ४०, ४५, ६०, ६०, ७०, ८०, ९०, ११०, १५०. मधला आकडा ७०. सरासरी काढली तर एकट्या १५० नं ती वर ओढली जाते, म्हणून मधलाच आकडा घ्यावा.

आधी पसारा बघायचा. सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीच्या आत असेल तर लोक एकाच वस्तूबद्दल बोलताहेत. इथं तो पावणेचार पट आहे, म्हणजे कोणीतरी किरकोळ बाजार धरलाय, कोणी मुंबईचा. अशा दिवशी निर्णय होऊ शकत नाही. मग दोन्ही टोकांची बाजू मांडून घ्यायची, तीही '४० कोणाचे?' असं न विचारता 'कोणाला ४० वाटत असेल तर का वाटेल?' असं विचारून. मागच्या ओळी मॅनेजर मोठ्यानं वाचतो. कोणाला डीपीवरचा, म्हणजे गावच्या विजेच्या रोहित्रावरचा, लोड पुरणार नाही हे माहीत असतं. कोणाला बुऱ्हाणपूरकडे तीच सोय उभी राहतेय हे ठाऊक असतं. कोणाला पिकलेला माल हाताळणारे मजूर उन्हाळ्यात मिळत नाहीत याचा अनुभव असतो. त्यानंतर दुसरी चिठ्ठी. दुसऱ्या फेरीतही मधला आकडा ७० च्या आसपास राहिला तर तीन चेंबरपैकी निम्मीसुद्धा भरत नाहीत, आणि एक चेंबर बांधून दुसऱ्याची जागा मोकळी ठेवावी हा पर्याय आपोआप पुढं येतो. अध्यक्ष सर्वांत शेवटी बोलतात. हा नियम मोडला की बाकी सगळं नाटक.

बिघडतं कुठं? चिठ्ठी लिहिताना शेजारी डोकावतो. मॅनेजर 'साधारण सत्तर-ऐंशी धरू ना' असं हसत म्हणून नवा आकडा सोडून देतो. अक्षर ओळखू येतं, त्यावर उपाय म्हणजे फक्त आकडा लिहायचा, अक्षरात नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे हे सगळं झाल्यावर आबा म्हणतात, 'झालं ना, आता आपलं ठरलंय तेच करू.' एकदा असं झालं की पुढच्या सभेत सगळ्या चिठ्ठ्यांवर आबांचाच आकडा येतो.

उधारीचं गणित वेगळं आहे. तिथं एका मोठ्या निर्णयाऐवजी लहान-लहान निर्णयांची रांग असते, आणि प्रत्येक वेळी मागच्या निर्णयाची अब्रू वाचवायची असते. १२ टनांची केळीची गाडी, क्विंटलला १५०० रुपये भाव धरला तर १ लाख ८० हजारांची. व्यापाऱ्याकडे तीन गाड्यांचे ५ लाख ४० हजार अडकले. तो फोनवर म्हणतो, "दादा, अजून दोन गाड्या पाठवा, सगळं एकदम देतो." इथं संचालक जो हिशेब करतात तो असा : नाही पाठवल्या तर आधीचे बुडतील. खरा हिशेब असा की आधीचे गेले असतील तर गेलेच, आणि आता प्रश्न फक्त ३ लाख ६० हजारांचा आहे : आज हा माणूस पहिल्यांदा भेटला असता तर त्याला एवढा माल उधार दिला असता का?

बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. कंपनीचा पैसा दोनपैकी एका विभागात घालायचा. निवडलेला विभाग तोट्यात गेल्यावर, ज्यांनी ती निवड स्वतः केली होती त्यांनी पुढच्या फेरीत त्याच विभागात सर्वांत जास्त पैसा ओतला. ज्यांना दुसऱ्याची निवड पुढं चालवायची होती ते हात आखडून होते. यातून निघणारा नियम साधा आहे पण आपल्याकडे क्वचित पाळला जातो : ज्या संचालकानं व्यापारी आणला, त्या व्यापाऱ्याच्या खात्यावर पुढची गाडी सोडायची की नाही हे त्या संचालकानं ठरवू नये. त्याला अपमान वाटतो, म्हणून हे कुठलाही व्यापारी येण्याआधी, सर्वांसाठी, हंगामाच्या पहिल्या सभेत ठरवून ठेवायचं. मर्यादाही तेव्हाच लिहायची. दोन गाड्यांची उधारी, तिसरी गाडी पहिलीचे पैसे बँकेत जमा झाल्यावर. 'चेक दिलाय' म्हणजे जमा नव्हे. आणि अपवाद करायचा तर दोन संचालकांच्या सहीनं, कारण लिहून. कारण लिहायला लावलं की निम्मे अपवाद फोनवरच विरतात.

इथं एक खरी अडचण आहे आणि ती झटकून टाकू नये. तपासणी लावली की माणूस दुखावतो आणि काम आखडतो. आर्मिन फाल्क आणि मायकेल कोसफेल्ड यांनी २००६ मध्ये प्रयोगात दाखवलं की वरिष्ठानं किमान कामाची सक्ती लादली तेव्हा बऱ्याच जणांनी, मोकळं सोडल्यावर दिलं असतं त्यापेक्षा कमी दिलं. सक्ती त्यांना अविश्वास वाटली. म्हणून 'आपल्याकडे कडक शिस्त आहे' एवढ्यानं काही साधत नाही. तपासणी एका माणसावर, काहीतरी घडल्यानंतर लावली की ती आरोप होते. तीच पदावर, पहिल्या दिवसापासून, अध्यक्षांसकट सगळ्यांना लावली की ती रीत होते.

पतसंस्थेत याचं सर्वांत चांगलं उदाहरण रजेचं आहे. 'आमचे कॅशियर नाना, बारा वर्षांत एक रजा नाही' हे कौतुकानं सांगितलं जातं. रिझर्व्ह बँक मात्र बँकांना सांगते की नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस सलग, आगाऊ कल्पना न देता सक्तीची रजा द्या, आणि त्या काळात त्यांना कामाच्या कागदपत्रांना किंवा यंत्रणेला हात लावू देऊ नका. कारण कीर्द-खतावणीतला घोळ रोज हातानं जपावा लागतो. माणूस दहा दिवस दूर राहिला की तो उघडा पडतो. पतसंस्थेनं ही रीत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखं ५ लाखांचं ठेव विम्याचं कवच नसतं, त्यामुळे इथली चूक भरून द्यायला मागं कोणी उभं नाही. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या जळगाव जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. नानांना रजेवर पाठवताना सुरुवात मॅनेजरच्या रजेपासून करावी म्हणजे बोभाटा होत नाही. नातेवाइकाच्या कर्जाचा विषय आला की संचालकानं उठून बाहेर जाणंही असंच, रीत म्हणून. खोलीत बसून 'मी काही बोलणार नाही' म्हणणं पुरेसं नाही, त्याचं बसणंच बोलतं.

निर्णय चांगला होता की वाईट, हे आपण निकालावरून ठरवतो, आणि तिथं मोठा घोटाळा होतो. अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची कंपनी नोंदली गेली, तीच पुढं विप्रो झाली. ज्या घरांनी तिचे शेअर जपले त्यांच्या दूरदृष्टीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्यांतल्या काहींना खरंच काही दिसलं असेल. काहींच्या ट्रंकेत कागद नुसता पडून राहिला असेल. आणि मध्येच मुलीच्या लग्नासाठी शेअर विकणाऱ्याचा निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर अजिबात चूक नव्हता, तूप विकणारी कंपनी सॉफ्टवेअर विकेल हे त्याला कोण सांगणार होतं? जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये हेच मोजलं : डॉक्टरचा निर्णय तोच, धोका तोच, फक्त रुग्ण वाचला की दगावला एवढाच फरक. दगावला तेव्हा लोकांनी डॉक्टरच्या विचारशक्तीलाच कमी गुण दिले.

म्हणून निर्णयाच्या दिवशीच अर्धं पान लिहून ठेवावं. काय ठरलं. कुठल्या आकड्यांवर. यशाची शक्यता किती धरली, 'नक्की' असं न लिहिता दहापैकी किती ते. कोणाचं मत वेगळं होतं आणि का. आणि काय घडलं तर आपण मागं फिरू. कापूस दिवाळीत न विकता थांबायचं ठरलं तर 'फेब्रुवारीअखेर अमुक भाव आला नाही तर अर्धा माल विकायचा' एवढं वाक्य पुरतं. सहा महिन्यांनी हेच पान वाचायचं, आठवणीवर जायचं नाही. निकाल कळल्यावर आठवण स्वतःला सोयीची होते. आपण 'दहापैकी आठ' म्हटलेल्या दहा गोष्टींतल्या पाचच घडल्या असतील तर तेवढा आपला फुगवटा, आणि पुढच्या वेळी मॅनेजर 'नक्की होईल' म्हणाला की ते किती धरायचं हेही कळतं.

आणि विश्वास मोडल्यावर? किम, फेरिन, कूपर आणि डर्क्स यांच्या २००४ च्या अभ्यासात असं दिसलं की चूक अज्ञानातून झाली असं लोकांना वाटतं तेव्हा सरळ माफी मागितल्यानं विश्वास जास्त सावरतो, पण सचोटीवर शंका असते तेव्हा तीच माफी कबुली ठरते आणि आरोप नाकारण्यापेक्षा कमी कामी येते. त्यामुळे सभासदांना पत्र लिहिण्याआधी आपल्यावरचा आरोप कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखावं लागतं. अंदाज चुकला असेल, चेंबर रिकामं पडलं असेल, तर पत्रात आकडा, चुकीचं कारण आणि बदललेली पद्धत एवढं लिहावं, 'गैरसमज झाला असल्यास दिलगीर' हे वाक्य मुळीच नको. संशय पैशाच्या व्यवहारावर असेल तर माफीच्या किंवा संतापाच्या पत्रापेक्षा बाहेरच्या लेखापरीक्षकाची नेमणूक, त्याच्या कामाची तारीख आणि तोवर त्या व्यवहाराशी संबंधित संचालकानं सहीचे अधिकार बाजूला ठेवल्याचा ठराव, हे तिन्ही एकाच पत्रातून जायला हवं. ठराव मागाहून पाठवला तर तो दबावाखाली केला असंच सभासद धरतात.